१९५६-५७ चा फुटबॉल हंगाम आणि जालना

महाविद्यालयीन खेळांचा इतिहास लिहिताना आजच्या जिल्हासीमा गृहीत धरणे दिशाभूल करणारे ठरते. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तत्पूर्वी जालना शहर औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे, आणि १९५६ पर्यंत तो जिल्हा हैदराबाद राज्यात होता.

त्या काळी हैदराबाद हे भारतीय फुटबॉलचे अग्रगण्य केंद्र होते. व्यवसायाने शिक्षक असलेल्या सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग ५ वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळविणारा भारतीय संघही रहीम यांनीच घडविला होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात समाविष्ट झाला. त्याच हंगामात संतोष करंडकाच्या अंतिम फेरीत हैदराबादने मुंबईचा पराभव केला. पुढील वर्षीही तेच घडले. जालन्याच्या क्रीडाप्रेमींचे कालचे राज्य विजयी झाले, आजचे पराभूत!

विद्यापीठ मात्र लगेच बदलले नाही. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत येथील महाविद्यालयीन शिक्षणाचा संबंध उस्मानिया विद्यापीठाशीच होता. राज्य मुंबईचे, विद्यापीठ हैदराबादचे, अशी ती संक्रमणावस्था होय. म्हणून या दोन हंगामांतील विद्यार्थी-खेळाडूंचा शोध केवळ मराठी साधनांत न घेता हैदराबादच्या उर्दू वृत्तपत्रांतही घेतला पाहिजे. अन्यथा त्यांची नोंद दोन्ही प्रांतांच्या इतिहासातून निसटेल.