संगणकीय खेळांची साठवण : हार्ड डिस्क व सॉलिड-स्टेट ड्राइव्ह यांच्यातील निवडीचा इतिहास

प्रास्ताविक

संगणकावर खेळ साठविण्यासाठी फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क घ्यावी की सॉलिड-स्टेट ड्राइव्ह, म्हणजेच एसएसडी घ्यावी, हा प्रश्न सर्वसाधारणपणे दुकानाच्या काउंटरवरचा समजला जातो. एकीत जागा अधिक व किंमत कमी, दुसरीत वेग अधिक परंतु त्याच पैशात जागा कमी, एवढे सांगितले की दुकानदाराच्या दृष्टीने विषय संपतो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र एवढ्यावर थांबता येत नाही. ही निवड खरेदीदार करतो असे वरवर दिसते. परंतु खेळ तयार करणाऱ्याने ती कित्येक वर्षे आधीच गृहीत धरलेली असते आणि त्या गृहीतकानुसार खेळातील रस्ते, दरवाजे, लिफ्ट, इतकेच नव्हे तर संपूर्ण खेळाने संगणकावर किती जागा व्यापावी हेही ठरलेले असते. साठवणीचे साधन निवडणे ही बाब निव्वळ व्यक्तिगत कधीच नव्हती. एकाच्या संथ साधनाची किंमत इतरांनी आणि एकाच्या वेगवान साधनाची किंमत मागे राहिलेल्यांनी मोजली आहे, अशी मांडणी प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

चिप आणि तबकडी : जुना वाद

एसएसडी व हार्ड डिस्क यांचा वाद नवा वाटतो. वास्तविक चिप विरुद्ध तबकडी हा झगडा घरगुती खेळयंत्रांच्या आरंभापासूनचा आहे. १९७७ साली आलेल्या अटारी २६०० या यंत्राच्या कार्ट्रिजमध्ये सामान्यतः ४ किलोबाइटपर्यंतची चिप असे. ती चिप थेट प्रोसेसरला जोडली जात असल्यामुळे वाट पाहण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. कार्ट्रिज खोचायचे, बटण दाबायचे, खेळ सुरू. (महाराष्ट्रातील घरांत नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडून खेळावयाची जी यंत्रे आली, त्यांच्या अशाच प्लास्टिकच्या डब्यांना मुले ‘कॅसेट’ म्हणत, आत फीत नसून चिप असे, हे फार थोड्यांना ठाऊक होते.)

निन्टेन्डो कंपनीचे फॅमिकॉम हे यंत्र १९८३ साली जपानमध्ये आले, तेव्हा चिप महाग होती. १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसविलेला होता. चिपच्या किमतीवर उपाय म्हणून १९८६ साली निन्टेन्डोने जपानमध्ये चुंबकीय तबकडीवर चालणारी जोडयंत्रणा काढली. तिच्या एका डिस्क कार्डावर सुमारे ११२ किलोबाइट मजकूर मावत असे आणि दुकानातील यंत्रावर ५०० येन देऊन त्याच कार्डावर नवा खेळ उतरवून घेता येई. ‘द लिजेंड ऑफ झेल्डा’ हा गाजलेला खेळ प्रथम या कार्डावर आला. जागा वाढली, किंमत घटली; पण वाट पाहणेही आले. पुढे चिपची क्षमता वाढत गेली व किंमत उतरत गेली. १९८७ साली अमेरिकेत हाच खेळ कार्ट्रिजवर, प्रगती जपून ठेवणाऱ्या छोट्या बॅटरीसह, विकला गेला. तबकडीची ही यंत्रणा जपानबाहेर कधी गेलीच नाही. पहिल्या फेरीत चिपने तबकडीवर मात केली, असे म्हणता येईल.

दुसऱ्या फेरीत निकाल उलटला. सोनीचे प्लेस्टेशन १९९४ साली सीडी घेऊन आले, तर निन्टेन्डोने १९९६ च्या निन्टेन्डो ६४ मध्येही कार्ट्रिज कायम ठेवले. सीडीवर सुमारे ६५० मेगाबाइट मावत. निन्टेन्डोचे सर्वांत मोठे कार्ट्रिज ६४ मेगाबाइटचे होते. १९९७ साली ‘फायनल फँटसी ७’ तीन सीडींवर प्रसिद्ध झाला. हा खेळ कार्ट्रिजवर बसविणे शक्यच नव्हते. मात्र प्लेस्टेशनची सीडी सेकंदाला सुमारे ३०० किलोबाइट वाचत असे आणि यंत्राची मुख्य मेमरी २ मेगाबाइट होती. म्हणजे ती मेमरी एकदा भरावयास जवळपास ७ सेकंद लागत. हे ७ सेकंद लपवावयाचे कसे, हा त्या काळातील खेळकर्त्यांपुढचा प्रश्न होता.

त्याची उत्तरे मोठी मनोरंजक आहेत. नामको कंपनीच्या ‘रिज रेसर’मध्ये मोटारींची शर्यत लोड होईपर्यंत पडद्यावर ‘गॅलॅक्सियन’ची छोटी आवृत्ती खेळता येई. या युक्तीचे अमेरिकी पेटंट नामकोला १९९८ साली मिळाले आणि ते २०१५ पर्यंत टिकले. वाट पाहण्याच्या वेळेवरही मालकी हक्क सांगता येतो, याचे याहून चांगले उदाहरण प्रस्तुत लेखकाला आढळलेले नाही. १९९६ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये प्रत्येक खोलीत शिरताना अंधारात एक दार सावकाश उघडते. खेळणाऱ्याच्या छातीत धडकी भरविणारे ते दार मुळात पुढची खोली सीडीवरून वाचली जाईपर्यंतचा पडदा होता.

फिरत्या तबकडीची मर्यादा

हार्ड डिस्कचा इतिहास खेळयंत्रांहून जुना आहे. १९५६ साली आयबीएमने रामॅक या संगणकासोबत दिलेल्या साठवण यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या व त्यांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. १९८० साली सीगेटने ५ मेगाबाइटची छोटी डिस्क आणली. १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटीमध्ये १० मेगाबाइटची डिस्क बसवलेली होती. तेथून पुढे क्षमता ज्या गतीने वाढली तिला तोड नाही.

परंतु याठिकाणी एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी पहिली हार्ड डिस्क, सीगेटची बॅराकुडा, १९९२ साली बाजारात आली. तिची क्षमता २ गिगाबाइटच्या आसपास होती. आज ७२०० फेऱ्यांच्याच डिस्कवर २० टेराबाइटहून अधिक मजकूर मावतो, म्हणजे क्षमता सुमारे दहा हजार पटींनी वाढली. पण मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद, हवा असलेला मजकूर वाचणाऱ्या हेडखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद लागतात. शिवाय हेडला योग्य वर्तुळावर सरकावे लागते, तो वेळ वेगळा. हा अर्धा फेरा १९९२ साली जेवढा होता तेवढाच आजही आहे. सलग ठेवलेला मजकूर हार्ड डिस्क झपाट्याने वाचते. विखुरलेले हजारो तुकडे गोळा करावयास सांगितले की ती अडखळते. आणि आधुनिक खेळ म्हणजे अशा हजारो तुकड्यांचाच ढीग असतो.

यातून जो उपाय निघाला तो सामान्य खेळाडूला अदृश्य राहिला. एखादी वस्तू खेळातील शंभर ठिकाणी दिसत असेल तर तिची प्रत शंभर ठिकाणी लिहून ठेवावयाची, म्हणजे हेडला दूर जावे लागत नाही. प्लेस्टेशन ५ च्या रचनेचे प्रमुख मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मधील व्याख्यानात २०१८ च्या ‘स्पायडर-मॅन’ या खेळाचा दाखला दिला होता. त्या खेळातील न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर वारंवार दिसणाऱ्या काही वस्तूंच्या हार्ड डिस्कवर तब्बल ४०० प्रती होत्या. एका टपालपेटीसाठी ४०० वेळा जागा मोडणे हा अपव्यय वाटेल. पण त्याशिवाय इमारतींमधून झोके घेणारा नायक रिकाम्या शहरात पोहोचला असता.

ज्यांच्याकडे हार्ड डिस्कही नव्हती त्यांचाही विचार करावा लागे. २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये हार्ड डिस्क होती, पण २००५ च्या एक्सबॉक्स ३६० ची स्वस्त आवृत्ती तिच्याविना विकली गेली. साहजिकच त्या यंत्रासाठी खेळ करणाऱ्यांना हार्ड डिस्क आहे असे धरून चालता येईना. २००७ च्या ‘मास इफेक्ट’मधील लिफ्टचा लांबलचक प्रवास, ज्याची पुढे बरीच थट्टा झाली, तो लोडिंग लपविण्यासाठीच होता.

फ्लॅश मेमरीचा प्रवेश

फ्लॅश मेमरीचा शोध तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांचा. त्यांनी ती १९८४ साली जाहीरपणे मांडली आणि एसएसडीचा पाया ठरलेला नँड हा प्रकार १९८७ साली पुढे आणला. १९९१ साली सनडिस्कने (पुढे सॅनडिस्क) आयबीएमला दिलेली एसएसडी २० मेगाबाइटची व सुमारे १००० डॉलर किमतीची होती. २००८ साली इंटेलची ८० गिगाबाइटची एसएसडी ५९५ डॉलर या घाऊक दराने आली, तेव्हाही ती हौशी ग्राहकाचीच वस्तू होती.

ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडमधील महापुरात हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले व डिस्कच्या किमती जगभर कडाडल्या. दोन साधनांमधील अंतर त्यामुळे तात्पुरते तरी कमी झाले. तथापि, खेळांच्या संदर्भात पुढील कित्येक वर्षे तडजोडच चालली. विंडोज आणि सतत खेळले जाणारे दोन-तीन खेळ छोट्या एसएसडीवर, बाकीचा संग्रह मोठ्या हार्ड डिस्कवर, ही वाटणी घरोघरी रूढ झाली. ती व्यवहार्य होती. पण खेळाच्या घडणीत तिने काहीच बदल केला नाही, कारण २०१३ सालच्या प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन या दोन्ही यंत्रांत ५०० गिगाबाइटची हार्ड डिस्क होती. एसएसडी घेणाऱ्याला दार लवकर उघडून मिळे, एवढेच. दार काढून टाकणे कोणालाही परवडणारे नव्हते.

ती मुभा नोव्हेंबर २०२० मध्ये मिळाली. प्लेस्टेशन ५ मध्ये सेकंदाला ५.५ गिगाबाइट वाचणारी ८२५ गिगाबाइटची एसएसडी, तर एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये १ टेराबाइटची एसएसडी मूळ रचनेतच आली. सर्नी यांच्या हिशेबानुसार प्लेस्टेशन ४ ला १ गिगाबाइट भरण्यास सुमारे २० सेकंद लागत. नव्या यंत्रास २ गिगाबाइट भरण्यास ०.२७ सेकंद पुरतात. जून २०२१ मधील ‘रॅचेट अँड क्लँक : रिफ्ट अपार्ट’मध्ये नायक क्षणार्धात एका जगातून दुसऱ्या जगात उडी घेतो, ती या वेगाची जाहिरातच होती. गंमत अशी की २०२३ साली हाच खेळ पीसीवर आला तेव्हा किमान आवश्यकतेत हार्ड डिस्कला जागा ठेवलेली होती. उडी घेताना चित्र मध्येच थबकते, पण खेळ चालतो. अशक्य म्हणून जे सांगितले जाते त्यातील काही भाग जाहिरातीचा असतो, हे अभ्यासकाने विसरू नये.

त्याच वर्षी ‘बाल्डर्स गेट ३’ व ‘स्टारफील्ड’ यांनी एसएसडी अनिवार्य केली आणि ‘सायबरपंक २०७७’च्या निर्मात्यांनी हार्ड डिस्कचा आधार काढून घेतला.

१५४ गिगाबाइटचा धडा

या स्थित्यंतरातील सर्वांत बोलके प्रकरण ‘हेलडायव्हर्स २’ या खेळाचे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा खेळ २०२५ अखेरीस पीसीवर सुमारे १५४ गिगाबाइट जागा व्यापत होता. प्लेस्टेशनवर मात्र त्याचा आकार याच्या एक चतुर्थांशाहूनही कमी होता. कारण तेच जुने. हार्ड डिस्क वापरणाऱ्यांची गैरसोय होऊ नये म्हणून एकाच वस्तूच्या अनेक प्रती लिहिलेल्या होत्या. स्वीडनमधील निर्मात्या कंपनीच्या, म्हणजे अॅरोहेडच्या, माहितीनुसार हार्ड डिस्क वापरणारे खेळाडू सुमारे ११ टक्के होते. त्यांच्यासाठी उरलेल्या ८९ टक्के खेळाडूंच्या महागड्या एसएसडीवरील शंभराहून अधिक गिगाबाइट जागा अडकून पडली होती.

डिसेंबर २०२५ मध्ये निक्सेस या संस्थेच्या साहाय्याने कंपनीने प्रती काढून टाकल्या व खेळ सुमारे २३ गिगाबाइटवर आणला. यापुढचा तपशील अधिक महत्त्वाचा आहे. हार्ड डिस्कवरील विलंब कित्येक पटींनी वाढेल, असा या उद्योगातील प्रचलित अंदाज होता. प्रत्यक्ष मोजणी केली असता तो काही सेकंदांनीच वाढला. या खेळात बहुतेक वेळ रणभूमीची रचना तयार करण्यात जातो आणि ते काम प्रोसेसरचे आहे. डिस्कवरून वाचणे त्याच्याबरोबरीनेच चालते. म्हणजे ज्या अल्पसंख्याकांसाठी हा खटाटोप केला त्यांनाही त्याचा फारसा लाभ नव्हता. निर्मात्यांची सावधगिरी चुकीची होती असे म्हणता येणार नाही. ‘स्पायडर-मॅन’च्या बाबतीत ती आवश्यकच ठरली होती. एका खेळासाठी मोजून ठरविलेला नियम दुसऱ्या खेळास न मोजता लावला गेला, हे मात्र स्पष्ट दिसते.

याच्या उलट टोकाला एसएसडीची सक्ती आहे. जुना संगणक वापरणाऱ्या विद्यार्थ्याला ती सक्ती म्हणजे त्या खेळापुरते बंद झालेले दार होय. ज्या खेळात सक्तीचे खरे तांत्रिक कारण आहे तेथे तक्रारीस जागा नाही. परंतु हार्ड डिस्कवरील चाचणीचा खर्च वाचविण्यासाठी ती लादली जात असेल, तर तिला प्रगती म्हणणे प्रस्तुत लेखकास पटत नाही.

जतनाचा प्रश्न

आतापर्यंतचा विचार खेळण्यापुरता झाला. जपून ठेवण्याचा प्रश्न निराळा आहे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ मधील पाहणीत, २०१० पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नाहीत असे आढळले. ते आज ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ते कशावर ठेवावेत? फ्लॅश मेमरीत मजकूर विद्युतभाराच्या रूपाने टिकतो आणि वीज नसताना तो भार हळूहळू झिरपतो. जेडेक या मानक संस्थेच्या निकषानुसार घरगुती एसएसडीने आपले लेखन-आयुष्य संपल्यावर, ३० अंश तापमानात, विजेविना १ वर्ष मजकूर टिकवावा एवढीच अपेक्षा आहे. नव्या ड्राइव्हची स्थिती याहून बरीच चांगली असते. तरी कपाटात ठेवून विसरण्याजोगी ती वस्तू नव्हे. हार्ड डिस्कही यांत्रिक बिघाडापासून मुक्त नाही, पण तिच्यावरील चुंबकीय खुणा विजेवर अवलंबून नसतात, आणि तेवढ्याच पैशात दोन प्रती ठेवता येतात. संग्रहासाठी म्हणूनच तिचे स्थान अद्याप टिकून आहे.

येथे आणखी एक अडचण उद्भवते. २०१५ साली ‘रेसिडेंट ईव्हिल’ची सुधारित आवृत्ती आली तेव्हा साधनांचा वेग इतका वाढला होता की त्या सावकाश उघडणाऱ्या दारांची काहीही गरज उरली नव्हती. तरीही ती ठेवण्यात आली. याउलट, ‘रिज रेसर’ची मूळ प्रत आजच्या संगणकावर अनुकरण-प्रणालीतून, सीडीचा वेग वाढवून चालविली, तर ‘गॅलॅक्सियन’ खेळण्यास पुरेसा अवधीच मिळत नाही. जुन्या खेळाची फाइल शाबूत ठेवणाऱ्या संग्राहकाने ती मूळ कोणत्या साधनावरून, सेकंदाला किती किलोबाइट या गतीने वाचली जात होती, याचीही नोंद फाइलसोबत ठेवावयास हवी.