सनरूफची काच फुटली तर...

प्रतिनिधी

एकेकाळी सनरूफ ही महागड्या परदेशी मोटारींची मिरासदारी समजली जाई. २०१९ मध्ये आलेल्या एमजी हेक्टरने आणि मार्च २०२० मधील नव्या ह्युंदाई क्रेटाने छतभर पसरणारे पॅनोरमिक सनरूफ मध्यमवर्गीय ग्राहकाच्या आवाक्यात आणले. २०२३ मध्ये तर एक्स्टरसारख्या छोट्या गाडीतही सनरूफ मिळू लागले. छतावरील पत्र्याची जागा काचेने घेतली आणि त्याबरोबर एक नवी चिंताही वाहनधारकांच्या पदरी आली. झाडाची फांदी, नारळ, घाटातील दगड, पुढच्या डंपरमधून उडालेली खडी किंवा वळवाची गारपीट यांपैकी काहीही ही काच क्षणात फोडू शकते. क्वचित प्रसंगी कोणतेही कारण दिसत नसतानाही ती फुटते.

अशा वेळी घाबरलेल्या वाहनधारकाकडून दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे बटण दाबून सनरूफ बंद होते का ते पाहणे आणि दुसरी म्हणजे छायाचित्रे न काढताच काचा झाडून टाकणे. पहिल्या चुकीमुळे केवळ काचेचा असलेला खर्च संपूर्ण यंत्रणेच्या खर्चावर जाऊ शकतो. दुसरीमुळे तो खर्च कोणी द्यायचा हे ठरविणारा पुरावाच नष्ट होतो.

काच फुटते कशी?

मोटारीची पुढची काच ‘लॅमिनेटेड’ असते. तिच्यात काचेच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असल्याने ती तडकली तरी जागेवर राहते. बहुतेक सनरूफची काच मात्र ‘टफन्ड’ असते. काही मोटारींत लॅमिनेटेड काचही वापरली जाते. टफन्ड काच तयार करताना ती ६०० अंश सेल्सिअसहून अधिक तापवून थंड हवेच्या झोतांनी झटकन निववतात. त्यामुळे तिच्या पृष्ठभागावर दाब आणि गाभ्यात ताण कायमचा कोंडला जातो. याच कारणाने ती साध्या काचेपेक्षा कितीतरी बळकट असते. मात्र ओरखडा किंवा टवका गाभ्यापर्यंत पोहोचला की कोंडलेला ताण एकदम मोकळा होतो आणि संपूर्ण काचेचे मोठा आवाज होऊन बारीक खडे होतात. टफन्ड काच सांधता येत नाही, तयार झाल्यावर कापताही येत नाही. ती बदलावीच लागते.

‘उन्हाने काच फुटली’ असे अनेकदा ऐकू येते. चांगल्या स्थितीतील टफन्ड काच सुमारे २०० अंशांचा तापमानातील फरक सोसू शकते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीचे छत एवढे तापत नाही. म्हणजे ऊन हे शेवटचे निमित्त असते, मूळ दोष आधीचा असतो. महिनाभरापूर्वी खडी लागून पडलेला बारीक टवका, चौकटीत चुकीची बसविलेली काच, कडेला अडकलेला खडा किंवा काचेतच राहिलेला निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण ही त्यामागची ज्ञात कारणे आहेत. हा कण कालांतराने आपले स्फटिकरूप बदलतो, किंचित फुगतो आणि काच आतून फोडतो.

अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक नियतकालिकाने २०१७ मध्ये सरकारी नोंदी तपासल्या, तेव्हा १९९५ पासून सनरूफ फुटल्याच्या किमान ८५९ तक्रारी आढळल्या होत्या. त्या कोणत्याही एकाच कंपनीच्या मोटारींविषयी नव्हत्या. कारखान्यात बसविताना काच कमकुवत झाली असण्याच्या शक्यतेमुळे ह्युंदाईने २०१२ मध्ये अमेरिकेत व्हेलोस्टर या मोटारी परत बोलावल्या होत्या. थोडक्यात, ‘काहीच लागले नाही’ हे वाहनधारकाचे म्हणणे नेहमीच खोटे नसते. ते सिद्ध करणे मात्र कठीण असते, कारण काच जेथून फुटली तो तुकडाच बहुधा रस्त्यावर पडून हरवतो.

पहिल्या तासात काय करावे?

चालत्या गाडीत काच फुटली तर स्फोट झाल्यासारखा आवाज येतो. त्या धक्क्याने करकचून ब्रेक लावणे किंवा स्टिअरिंग वळविणे अधिक धोक्याचे असते. चारही इंडिकेटर लावून वेग हळूहळू कमी करावा व गाडी डाव्या बाजूला सुरक्षित ठिकाणी घ्यावी. काचेखालचा कापडी पडदा बंद असेल तर तो तसाच राहू द्यावा. त्यावर तुकडे साचलेले असतात. अंगावर तुकडे पडले असतील तर ते हाताने झटकू नयेत. डोळ्यांत कण गेल्याची शंका असल्यास डोळे न चोळता स्वच्छ पाण्याने धुवावेत आणि डॉक्टरांकडे जावे. लहान मुलांच्या आसनांचे खाचखळगे विशेष काळजीने तपासावेत.

यानंतरची सर्वांत महत्त्वाची सूचना म्हणजे सनरूफच्या बटणाला हात लावू नये. काचेचे खडे दोन्ही बाजूंच्या रुळांत पडलेले असतात. अशा स्थितीत यंत्रणा फिरविली तर रूळ खरचटतात, केबल अडकते आणि मोटरवर ताण येतो. वाहनतळावरील सेवक किंवा गॅरेजमधील मुलगा सवयीने बटण दाबू शकतो, म्हणून त्यावर चिकटपट्टी लावून ठेवणे उत्तम.

मग छायाचित्रे काढावीत. नंबरप्लेटसह संपूर्ण गाडी, वरून व आतून दिसणारे सनरूफ, चौकटीत उरलेल्या काचेच्या कडा, आसपास पडलेला दगड, फांदी वा नारळ आणि किलोमीटरचा आकडा या सर्वांची नोंद व्हावी. डॅशकॅम असल्यास ते चित्रण लगेच वेगळे जतन करावे, अन्यथा नवे चित्रण त्यावर चढते. काचेचे काही तुकडे, विशेषतः उत्पादकाचा शिक्का असलेला कोपरा, पिशवीत घालून ठेवावा. कोणी मुद्दाम दगड मारला असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. विमा कंपनी ती मागते.

तात्पुरते आच्छादन

गाडी लगेच गॅरेजमध्ये नेता येत नसेल तर जाड पारदर्शक प्लास्टिक छतावर ताणून त्याच्या कडा दारांत दाबून घ्याव्यात आणि मास्किंग टेपने चिकटवाव्यात. साधी तपकिरी पॅकिंग टेप उन्हात रंगावर डाग सोडते. असे आच्छादन केवळ पावसापासून बचावासाठी आणि कमी वेगाच्या थोड्या अंतरासाठी असते. ते लावून द्रुतगती मार्गावर जाणे धोक्याचे आहे, कारण वाऱ्याने प्लास्टिक आणि चौकटीतील तुकडे दोन्ही उडतात आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला इजा होऊ शकते. अंतर मोठे असल्यास गाडी टोइंगने न्यावी. विमा पॉलिसीत किंवा गाडीच्या वॉरंटीत ही सेवा अनेकदा समाविष्ट असते.

विमा केव्हा मिळतो?

केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीच्या काचेचा एक रुपयाही मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत मात्र बाह्य कारणाने झालेला अपघात, वादळ, गारपीट, पूर, दरड कोसळणे, दंगल आणि दुष्टबुद्धीने केलेली नासधूस ही कारणे स्पष्टपणे नमूद असतात. झीज आणि यांत्रिक वा विद्युत बिघाड यांना संरक्षण नसते. म्हणूनच ‘काच आपोआप फुटली’ असे दाव्यात मोघम लिहिले गेले की वाद सुरू होतो. जे घडले तेच, पण पूर्ण लिहावे. गाडी कोठे होती, वेग किती होता, वर झाड होते का, पुढे मालवाहू वाहन होते का, हा तपशील छायाचित्रांसह द्यावा. खोटे कारण रचू नये. तसे उघडकीस आल्यास संपूर्ण दावाच फेटाळला जातो.

विमा कंपनीला त्वरित कळवावे आणि सर्वेक्षकाने पाहणी करेपर्यंत, अथवा कंपनीने मागितलेले चित्रण पाठवून मंजुरी मिळेपर्यंत, काही उघडू देऊ नये. काचेवर घसारा धरला जात नाही. रबरी व प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा असतो, तर धातूच्या भागांवरील घसारा गाडीच्या वयानुसार वाढत जातो. ‘झीरो डेप्रिसिएशन’ची जोड असल्यास हा भार बहुतांशी टळतो. सक्तीची वजावट मात्र प्रत्येक दाव्यात सोसावी लागते. खासगी मोटारींसाठी ती १,५०० सीसीपर्यंत एक हजार आणि त्यापुढे दोन हजार रुपये आहे.

बाजारातून नंतर बसवून घेतलेल्या सनरूफची गोष्ट वेगळी आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ रचनेत मनाजोगा फेरफार करण्यास मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका उचलून धरली. असे सनरूफ फुटल्यास दावा नाकारला जाण्याची शक्यता मोठी असते.

दावा करावा की न करावा?

दावा केला की पुढच्या नूतनीकरणात ‘नो क्लेम बोनस’ शून्यावर येतो. तो पुन्हा २०, २५, ३५, ४५ व ५० टक्के असा पायरीपायरीने चढतो. समजा, एखाद्या गाडीच्या स्वनुकसानीचा हप्ता बोनसपूर्वी १२ हजार रुपये आहे आणि तिला ५० टक्के बोनस मिळत होता. हप्ता तेवढाच राहतो असे धरल्यास दाव्यानंतरच्या पाच नूतनीकरणांत अनुक्रमे ५०, ३०, २५, १५ व ५ टक्के, म्हणजे एकूण १२५ टक्के सवलत हातची जाते. ही रक्कम १५ हजार रुपये होते. दुरुस्तीचा खर्च याहून थोडाच अधिक असेल तर तो खिशातून करणे शहाणपणाचे. संपूर्ण पॅनोरमिक यंत्रणाच बदलायची असेल तर दावा करणेच हिताचे. बोनस सुरक्षित ठेवणारी जोड पॉलिसीत आहे का, हे आधी पाहावे. हे गणित अंदाजपत्रक हाती आल्यावरच मांडावे.

वॉरंटी व तक्रार

गाडी वॉरंटीत असेल आणि आघाताची कोणतीही खूण नसेल तर विक्रेत्याकडे व कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाकडे लेखी तक्रार करावी आणि पाहणीचा निष्कर्षही लेखीच मागावा. ‘काच वॉरंटीत येत नाही’ हे तोंडी उत्तर बाह्य आघाताला लागू असते. उत्पादनातील वा बसविण्यातील दोषाचा प्रश्न त्याने मिटत नाही. सदोष वाहने परत बोलावण्याचे केंद्र सरकारचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले असून, सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांच्या मालकांना ‘वाहन’ संकेतस्थळावर तक्रार नोंदविता येते.

विमा कंपनीने दावा नाकारला तर प्रथम तिच्याच तक्रार निवारण कक्षाकडे जावे. महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपाल कार्यालयाकडे विनाशुल्क दाद मागता येते. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग खुला असतोच. तक्रारीचे कारण उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या आत ही तक्रार करावी लागते.

दुरुस्ती नेमकी कशाची?

काच बसली म्हणजे दुरुस्ती झाली असे नव्हे. पॅनोरमिक सनरूफमध्ये सरकणारी पुढची काच बहुधा स्क्रूने बसविलेली असते, तर मागची स्थिर काच अनेक गाड्यांत पॉलियुरेथेनच्या चिकट द्रव्याने चिकटविलेली असते. हे द्रव्य पक्के होण्यास वेळ लागतो. कारागिराने सांगितलेल्या मुदतीपूर्वी गाडी बाहेर काढू नये किंवा धुऊ नये. रुळांतील प्रत्येक खडा काढून, जुने ग्रीस पुसून नवे लावावे लागते. चौकट वाकली असेल तर छताचे आतील अस्तर उतरवून संपूर्ण यंत्रणा काढावी लागते. पडद्यासारख्या एअरबॅग तेथेच छताच्या कडेला असल्याने हे काम अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच व्हावे.

सर्वाधिक दुर्लक्षित भाग म्हणजे पाण्याच्या नळ्या. सनरूफ पूर्णपणे जलरोधक नसते. कडेने आत येणारे पाणी चौकटीतील पन्हळीत जमते आणि कोपऱ्यांतील नळ्यांवाटे गाडीखाली उतरते. काचेचे कण या नळ्यांत अडकले तर दुरुस्तीनंतरच्या पहिल्याच मोठ्या पावसात पाणी छताच्या अस्तरातून आसनांवर आणि पायाखालच्या गालिच्यात झिरपते. दुर्गंधी आणि वायरिंगमधील बिघाड त्यामागोमाग येतात. काचेऐवजी ॲक्रिलिकचा तुकडा बसवून देण्याचा स्वस्त तोडगाही टाळावा. तो ओरखडतो, उन्हाने आकार बदलतो आणि सुरक्षा काचेच्या नियमात बसत नाही.

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी

* नव्या काचेवर उत्पादकाचा व मानकाचा शिक्का आहे का, ते पाहावे. बिलावर सुट्या भागाचा क्रमांक लिहून घ्यावा.
* सनरूफ तीन-चार वेळा पूर्ण उघडून व बंद करून पाहावे. मध्येच थांबत असेल तर मोटरचे ‘इनिशियलायझेशन’ राहिले असे समजावे.
* काहीतरी अडकल्यास काच मागे फिरण्याची सोय असल्यास ती गुंडाळलेल्या टॉवेलने तपासावी. हाताने कधीही नाही.
* पन्हळीच्या कोपऱ्यांत थोडे पाणी ओतून ते गाडीखाली पडते का, ते पाहावे. मग छतावर दहा मिनिटे पाणी सोडून अस्तर कोरडे राहते का, ते तपासावे.
* मोकळ्या रस्त्यावर चालवून वाऱ्याचा शीळ घातल्यासारखा आवाज येत नाही ना, ते ऐकावे. तो आल्यास काचेची उंची पुन्हा जुळवून घ्यावी.
* कामाची हमी किती महिन्यांची, हे बिलावरच नोंदवून घ्यावे.

पुढील काळजी

गाडी धुताना सनरूफच्या काचेवरून बोट फिरवून टवके तपासण्याची सवय लावावी. टवका दिसल्यास काच फुटण्याची वाट न पाहता ती बदलावी. खडीच्या डंपरमागे अंतर ठेवावे आणि नारळाच्या झाडाखाली गाडी उभी करू नये. काचेवर सामान ठेवू नये. चालत्या गाडीत मुलांना सनरूफमधून बाहेर उभे करणे तर सर्वथा टाळावे; अचानक ब्रेक लागल्यास काचेच्या कडेचा आघात थेट छातीवर किंवा गळ्यावर होतो. पावसाळ्यापूर्वी एकदा नळ्या आणि रूळ साफ करून घेणे हा या साऱ्यांतील सर्वांत स्वस्त उपाय आहे.

उपयुक्त क्रमांक : आपत्कालीन मदत ११२; राष्ट्रीय महामार्ग मदत १०३३; राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५; विमा नियामक प्राधिकरणाची तक्रार हेल्पलाइन १५५२५५.