बाथचं हॉटेल आणि विद्यार्थ्यांचं अनुदान

बाहेरून येऊन इंग्लंडात स्थिरावलेल्या कुटुंबातल्या मुलाने उच्च शिक्षणासाठी सरकारी पैसे मागितले, की त्याला एक गोष्ट सिद्ध करावी लागते : अभ्यासक्रमाआधीची तीन वर्षं तो या देशाचा ‘ऑर्डिनरिली रेसिडेंट’, म्हणजे सामान्य रहिवासी होता. हा निकष शिक्षणखात्याने विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवून घडवला असेल असंच कुणालाही वाटेल. शोधत मागे गेलो तर विद्यार्थ्यांचा पत्ताच नाही. भेटले ते दोन सुखवस्तू गृहस्थ, हॉटेलात उतरणारे आणि आयकर भरायला नाखूश!

पहिले लेव्हिन. निवृत्त झाले, घर सोडलं आणि 1919च्या अखेरीस देशही सोडला. पण वर्षातले चार-पाच महिने ते इंग्लंडातच काढत. कामं तरी काय? डॉक्टरांचा सल्ला, नातलगांच्या भेटी, आईवडिलांच्या थडग्यांची देखभाल, ज्यू धर्मविधी आणि आयकराची भानगड निस्तरणं. दुसरे लायसाट. हे बिऱ्हाड हलवून आयर्लंडला गेलेले. कंपनीचे सल्लागार संचालक म्हणून दर महिन्याला बैठकीसाठी इंग्लंडात यायचे, आठवडाभर बाथच्या हॉटेलात राहायचे आणि परत जायचे. 1928 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने दोघांनाही सामान्य रहिवासी ठरवलं. स्वतःचं घर नसलं, धंद्यापायी नाइलाजाने यावं लागलं, तरी येण्याजाण्याला नियमितपणा असला की पुरे. कर वसूल करायचा होता, म्हणून जाळं रुंद विणलं गेलं.

1962च्या शिक्षण कायद्याने आपापल्या हद्दीतल्या सामान्य रहिवाशांना अनुदान देणं स्थानिक शिक्षण प्राधिकरणांवर बंधनकारक केलं. नियमांनी त्याला तीन वर्षांची अट जोडली. पण सामान्य रहिवासी कोण, हे कुठेच सांगितलं नाही. परदेशातून शिकायला आलेले आणि तीन वर्षं पुरी केलेले काही विद्यार्थी अनुदान मागू लागले तेव्हा वाद कोर्टात गेला. तुमचा व्हिसाच शिक्षणापुरता, मग तुम्ही इथले कसे, असं म्हणत लॉर्ड डेनिंग यांच्या अपील न्यायालयाने त्यांना रिकाम्या हाती परत पाठवलं. डिसेंबर 1982मध्ये ‘शाह विरुद्ध बार्नेट’ खटल्यात लॉर्ड स्कारमन यांनी तो निकाल फिरवला. खरं घर कुठे हा प्रश्नच गैरलागू, असं ते म्हणाले. माणूस स्वेच्छेने, ठरावीक हेतूने, आयुष्याच्या नेहमीच्या क्रमाचा भाग म्हणून राहत असला की झालं, आणि शिक्षण हाही तसा हेतू होऊ शकतो. आधार कोणाचा? लेव्हिन आणि लायसाट यांचाच. श्रीमंतांना पकडायला विणलेल्या जाळ्यात विद्यार्थी आले, आणि त्यांचा फायदा झाला!

या कुळकथेला एक प्रतिस्पर्धी आहे. काही जण म्हणतील, हे सगळं जुन्या गरीब-कायद्यातून आलं. 1662च्या सेटलमेंट कायद्यानुसार पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीचा स्थानिक कारभार, आपल्याच गरिबांना पोसे. नव्याने आलेला माणूस उद्या आपल्या गळ्यात पडेल असं वाटलं, तर चाळीस दिवसांच्या आत त्याला मूळ गावी धाडता येई. स्थानिक तिजोरी, स्थानिक माणूस : साम्य नाकारता येत नाही. अनुदान देणाऱ्याची कंजुषी पॅरिशकडून आली, हे मी मान्य करतो. पण पॅरिशला हवं होतं माणसाचं मूळ गाव, आणि स्कारमन यांनी नेमका तोच शोध निरर्थक ठरवला. शब्दप्रयोगही 1806च्या आयकर कायद्यात सापडतो. म्हणून वडिलकीचा मान मी आयकरालाच देतो.

स्कारमन यांनी विद्यार्थ्यांसाठी उघडलेलं दार सरकारने लगेच ओढून घेतलं. 1983च्या नियमांत आलं की मुख्यतः पूर्णवेळ शिक्षणासाठी झालेला मुक्काम धरायचा नाही. 2015मध्ये, सहाव्या वर्षी झांबियाहून आलेल्या एका मुलीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने कायम वास्तव्याच्या परवान्याची सरसकट अट अन्यायकारक ठरवली. तीन वर्षांची अट मात्र शाबूत राहिली. त्यामुळे मधलं वर्ष पुण्यात आजीकडे काढलेल्या मुलाला ती गैरहजेरी तात्पुरती होती, हे पटवून द्यावंच लागतं.

आपल्याकडे आयकर कायद्याने हीच कल्पना उचलली; परदेशातून परतलेल्यांना ‘नॉट ऑर्डिनरिली रेसिडेंट’ हा दर्जा चांगला ठाऊक असतो. गंमत म्हणजे ब्रिटिश आयकराने एप्रिल 2013पासून हा निकष जवळजवळ मोडीत काढला, कारण तो फार धूसर निघाला. करदात्याला आता दिवस मोजून उत्तर मिळतं. विद्यार्थ्याला अजूनही आयुष्याचा ‘नेहमीचा क्रम’ सिद्ध करावा लागतो. धूसरपणा एवढाच त्रासदायक होता, तर सवलत आधी विद्यार्थ्याला मिळायला हवी होती.