तळ्यातला गणपती, पण तळं कुठंय?

आजचा एपिसोड ऐकायला हेडफोन लावून बाहेर पडलात तर जास्त मजा येईल. कारण आज आपण पुण्यातली एक अशी गोष्ट शोधणार आहोत, जिच्यावरून तुम्ही रोज गाडी नेता आणि जिच्याकडे कधी बघत नाही.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. सारसबागेतल्या गणपतीला जुने पुणेकर 'तळ्यातला गणपती' म्हणतात. आता तिथे हिरवळ आहे, बाहेर भेळेच्या गाड्या आहेत. मग तळं गेलं कुठं?

त्यासाठी नानासाहेब पेशव्यांच्या काळात जावं लागेल. नानासाहेब १७४० ते १७६१ पेशवे होते. पुणं भराभर वाढत होतं. जुन्या गावाच्या पूर्वेला नागझरी आणि पश्चिमेला आंबिल ओढा, असे दोन ओढे वाहायचे. आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावतो आणि पर्वतीजवळून तेव्हा थेट गावाच्या दिशेने यायचा. म्हणजे उन्हाळ्यात पाण्याची टंचाई, पावसाळ्यात पुराची भीती आणि पश्चिमेकडे वाढायला अडथळा. तीन प्रॉब्लेम!

नानासाहेबांच्या काळात तिन्हींवर काम झालं. कात्रजला ओढ्यावर बंधारा घालून तलाव केला. तिथून दगड-चुन्याचं भुयारी नळ बांधून पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत आणलं. हे नळ म्हणजे आपल्या घरातला पाइप नव्हे हं. काही ठिकाणी माणूस आत उभा राहू शकेल एवढा तो बोगदा आहे. हवेसाठी आणि साफसफाईसाठी मध्ये मध्ये उच्छ्वास ठेवले होते. पंप नाही, मोटर नाही. सगळा खेळ उताराचा. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे एक सांगतो: अडीचशे वर्षांनंतरही ज्याचे भाग शाबूत आहेत, असं काही बनवणं सोपं नसतं.

दुसरं काम पर्वतीच्या पायथ्याशी. तिथे बांध घालून ओढ्याचं पाणी अडवलं आणि तळं तयार झालं. हेच ते गणपतीचं तळं! आणि ओढ्याचा प्रवाह पश्चिमेला वळवला. आज तो दांडेकर पुलाखालून जाऊन दत्तवाडीच्या बाजूला मुठेला मिळतो. शहराला वाढायला जागा मिळाली, सदाशिव आणि नारायण पेठा वसल्या.

पुढे धरणं आली, घरोघरी नळ आले. हौद कोरडे पडले, तळ्याची बाग झाली. उरली ती फक्त नावं: काळा हौद, बदामी हौद, फडके हौद. रिक्षावाल्याला आपण ही नावं सांगतो, पण हौद शोधत नाही. आणि आंबिल ओढा? तो 'नाला' झाला. नाव बदललं की नजरही बदलते ना!

मीही त्यातलाच. सहकारनगरच्या बाजूला भाड्याने राहायचो. घरामागे नाला आहे, वास येतो, खिडकी बंद ठेवायची, एवढीच त्याची ओळख. मग २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आली. कात्रजकडे काही तासांत प्रचंड पाऊस झाला. आमच्या पार्किंगमध्ये आधी घोट्याएवढं पाणी आलं, मग बघता बघता बाइक तरंगायला लागल्या. तळमजल्यावरच्या आजींना आम्ही चौघांनी खुर्चीत बसवून जिन्याने वर आणलं. अंधारात भिंत कोसळल्याचा आवाज आला, तो अजून कानात आहे. त्या पुराने पुणे आणि परिसरात वीसहून जास्त माणसं गेली.

दुसऱ्या दिवशी चिखल उपसताना आजी म्हणाल्या, "अरे, तो ओढा आहे. आपणच त्याच्या अंगणात राहायला आलोय."

त्या दिवशी मी पहिल्यांदा मॅपवर त्याची निळी रेघ शोधली. दोन्ही बाजूंनी भिंती आणि इमारती सरकत सरकत आल्यात, पात्र चिंचोळं झालंय. पेशव्यांनीही ओढा वळवला होता, पण वळवताना त्याला दुसरी वाट करून दिली होती. आपण मात्र तो आहे हेच विसरलो. माझ्या मते खरा फरक तिथे आहे.

तर या रविवारी एक काम करा. सकाळी दांडेकर पुलावर पाच मिनिटं थांबा. नाक मुठीत धरावं लागेल, मान्य! पण नीट बघितलंत तर काठावर एखादा वंचक स्तब्ध उभा दिसेल, वायरवर खंड्या दिसेल. त्यांच्यासाठी तो अजून ओढाच आहे. मग सारसबागेत जा आणि गणपतीसमोर उभं राहून विचार करा, पाणी कुठपर्यंत असेल?

आणि तुम्ही दुसऱ्या शहरात असाल तर आपल्या भागातली नावं तपासा. तळं, ओढा, विहीर, हौद, बांध. जिथे नाव आहे तिथे कधीतरी पाणी होतं. काय सापडलं ते नक्की कळवा. आणि घर भाड्याने घेण्याआधी मागच्या नाल्याचं खरं नाव विचारा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!