उकिरड्याचे शास्त्र : इंदूर, १९२४ ते १९३१

१/ भाजीच्या वाफ्यात काय घालावे? शेणखत, पेंड, हाडांचा चुरा की राख? आज गच्चीवरील बागेतही हा प्रश्न विचारला जातो. शतकापूर्वी तो कोट्यवधी शेतकऱ्यांच्या पोटाचा प्रश्न होता आणि त्याचे एक महत्त्वाचे उत्तर होळकरांच्या इंदुरात शोधले गेले. #थ्रेड

२/ प्रारंभ पेरूपासून. १८४० नंतर तेथील चिंचा बेटांवरचा ग्वानो, म्हणजे समुद्रपक्ष्यांची साचलेली विष्ठा, जहाजे भरभरून युरोपात जाऊ लागला. त्यात नत्र व स्फुरद दोन्ही विपुल. पीक पाहता पाहता तरारे. खाणीत कंत्राटी चिनी मजूर राबले. १८६४ साली स्पेनने ही बेटे बळकावली. काही दशकांतच उत्तम साठे संपत आले.

३/ १८४० सालीच जर्मन रसायनशास्त्रज्ञ लिबिग यांचा ग्रंथ आला आणि खतांची तुलना घटकांच्या हिशेबाने होऊ लागली. पेंडीत नत्र मुख्य. हाडांच्या चुऱ्यात स्फुरद, पण ते सावकाश सुटते. राखेत पालाश आहे, नत्र जवळजवळ नाही. पालेभाजीला नत्र मानवते. वांग्याला मात्र नुसते नत्र दिले तर पाला माजतो आणि फळ कमी धरते.

४/ हा हिशेब भारतीय शेतकऱ्याला परवडणारा होता काय? व्होएल्कर यांच्या १८९३ च्या अहवालाने दुखणे नेमके दाखविले. शेतकरी अज्ञानी नव्हता. सरपण नसल्यामुळे शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जात होत्या. हाडे आणि तेलबिया परदेशी जात होत्या. खत गावातच होते, पण शेतात पोहोचत नव्हते.

५/ १९०५ साली भारतात आलेले अल्बर्ट हॉवर्ड १९२४ मध्ये इंदूरच्या नव्या कृषिसंशोधन संस्थेचे प्रमुख झाले. सोबत पत्नी गॅब्रिएल, स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ. आणि रसायनाची बाजू सांभाळणारे सहकारी यशवंत वाड. चीनमधील शेतकऱ्यांच्या खतपद्धतीचे वर्णन करणारा किंग यांचा १९११ चा ग्रंथ हॉवर्ड यांच्यासमोर होता.

६/ त्यांनी खड्डा आखला : ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि अवघा २ फूट खोल, जेणेकरून हवा खेळावी. त्यात पऱ्हाट्या, तण, पाचोळा. त्यावर शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती आणि राख असे थर. पऱ्हाट्या टणक, म्हणून त्या आधी रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चुरडीत. पाणी शिंपायचे, तीन वेळा उलथायचे. सुमारे तीन महिन्यांत खत तयार.

७/ यातील मर्म कोणते? वाळका काडीकचरा थेट जमिनीत गाडला, तर तो कुजविणारे जंतू आपल्यासाठी मातीतलेच नत्र ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडतात. शेण व मूत्र हे नत्र खड्ड्यातच पुरवितात. रोपाशी होणारे भांडण आधीच मिटते.

८/ म्हणून तुलनेचा निष्कर्ष असा : पेंड, हाडे, राख ही विशिष्ट उणीव भरून काढतात. कंपोस्टमध्ये घटक तुलनेने थोडे, परंतु ते माती भुसभुशीत करते, ओल धरते आणि पोषण हळूहळू देते. एकाने दुसऱ्याची जागा भरत नाही. मात्र कंपोस्टला रोकड लागत नाही, आणि काही शेण चुलीत गेले तरी उरलेल्यावर काडीकचऱ्याचे पुष्कळ खत होते. गरीब शेतकऱ्याला हाच आधार होता.

९/ १९३१ साली ही पद्धत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर पोहोचली. पुढे हॉवर्ड सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून गौरविले गेले. त्या ग्रंथावर लेखक म्हणून दोन नावे आहेत : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. पुढच्या वेळी कुंडीत कंपोस्टची ओंजळ घालताना दुसरे नावही आठवावे.

(समाप्त)