गाणी लंकेहून यायची

"तुळशीला पाणी घातलं की सिलोन स्वच्छ लागायचं," असं माझी आत्या अजून सांगते. ऐंशी ओलांडलेल्या बाईनं असं काही सांगितलं की ऐकणारा मान डोलावतो आणि चहाचं विचारतो. मीही बरीच वर्षं तेच केलं. मग एकदा रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे बसलो असताना उलगडा झाला. जुन्या सेटच्या पाठीमागे दोन तारा जोडायला जागा असे. एक एरियलची, दुसरी अर्थची. अर्थची तार ओल्या मातीत गेली तर खरखर कमी होते. आमच्या आजानं ती लोखंडी कांबीला गुंडाळून मागच्या दारी, तुळशीवृंदावनाच्या बुडाशी पुरली होती. घराच्या आसपास रोज न चुकता पाणी पडणारी जागा तेवढीच होती. आजीच्या हातून तुळशीला जेवढं पुण्य लागलं असेल, तेवढंच रेडिओलाही लागलं.

ही गोष्ट बाळकुमची. आज बाळकुम म्हटलं की लोकांना टॉवर आणि रस्त्यावरची कोंडी आठवते. आत्याच्या लहानपणी ते ठाण्याबाहेरचं आगरी-कोळ्यांचं गाव होतं. भिवंडीच्या वाटेवर, कशेळीच्या खाडीच्या अलीकडे. भात, मीठ, मासळी, आणि ज्यांना जमलं त्यांना गिरणी. आजा रेमंडमध्ये होता. जेकेग्रामपर्यंत पायी जायचा, पायी यायचा. १९५४ साली त्यानं जुना सेट विकत घेतला तो भजनासाठी. आमच्या आळीत वीज यायची होती, म्हणून सेट बॅटरीवरचा. बॅटरी विटेपेक्षा जड आणि आजाच्या हिशेबानं सोन्यापेक्षा महाग. त्यामुळे घरात एक कायदा झाला: रेडिओ उगाच लावायचा नाही. काय ऐकायचं ते आधी ठरवायचं, वेळ झाली की कान फिरवायचा, संपलं की बंद. शिवाय दर वर्षी पोस्टात पैसे भरून परवाना नवा करावा लागे. ती परवान्याची वही आजा रेशनकार्डाच्या जोडीला पत्र्याच्या पेटीत ठेवायचा.

पण भजन ऐकताना त्याची पहिल्याच आठवड्यात निराशा झाली. तो स्वतः गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचा. मुंबई केंद्रावर भजन लागलं की तो कान देऊन पेटी शोधायचा, आणि ती सापडायचीच नाही. सारंगी असे, व्हायोलिन असे, पेटी नसे. "ही कसली भजनं, पेटीबिगर?" हे त्याचं म्हणणं आत्याला पाठ आहे. हार्मोनियम हे परदेशी वाद्य, त्यात श्रुती नाहीत, आपल्या रागांना ते मारतं, असं ठरवून ऑल इंडिया रेडिओनं ते १९४० मध्ये बंद केलं होतं आणि १९७० चं दशक उजाडेपर्यंत ती बंदी चालली. बाळकुमच्या देवळात रोज रात्री जे वाजत होतं, ते सरकारी आकाशात चालत नव्हतं. आजाला हे कुणी समजावून सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

सिनेमाच्या गाण्यांचंही तेच झालेलं होतं, आणि ते करणारा मराठी माणूस होता. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, जन्म पुण्याचा, १९०३ चा. पॅरिसला शिकलेले, धृपद शिकलेले. १९५२ मध्ये ते नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि दहा वर्षं राहिले. देशाचे कान सुधारायचे हा त्यांचा ध्यास. शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांनी पहिल्याच वर्षी, जुलैमध्ये सुरू केला. सिनेसंगीताला मात्र त्यांनी कात्री लावली. गाण्याबरोबर सिनेमाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून नाव सांगणं बंद. निर्माते चिडले, त्यांनी गाणी वाजवायची परवानगीच काढून घेतली. अशा रीतीनं ज्या गाण्यांवर सारा मुलूख डोलत होता, ती मुलखाच्या रेडिओवरून नाहीशी झाली.

मग ती गेली कुठे? लंकेला.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी आपल्या सैनिकांसाठी कोलंबोला रेडिओ चालवला होता. युद्ध संपल्यावर तो ताकदवान ट्रान्समीटर सिलोन सरकारच्या हाती आला. १९५० मध्ये तिथं व्यापारी सेवा सुरू झाली आणि केसकरांनी दार लावलं तेव्हा सिलोनचं दार सताड उघडं होतं. ३ डिसेंबर १९५२, वार बुधवार, त्या दिवशी 'बिनाका गीतमाला' हा सिनेमाच्या गाण्यांचा दर बुधवारचा कार्यक्रम सुरू झाला. बिनाका म्हणजे दात घासायची पेस्ट. आमच्या घरी तेव्हा राखुंडी होती, पण बिनाकाचं नाव आळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

यातली खरी गंमत आत्याला फार उशिरा कळली आणि तेव्हापासून ती ती गोष्ट रंगवून सांगते. गाणी मुंबईच्या स्टुडिओत तयार होत. गीतमालेचे निवेदक अमीन सयानी मुंबईत राहत, कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण मुंबईत करत. त्या फिती विमानानं कोलंबोला जात, आणि तिथून शॉर्टवेव्हवर बसून समुद्र, मद्रास, दख्खन ओलांडत बाळकुमच्या ओटीवर येत. "मुंबईचा मानूस मुंबईत बोलाचा," आत्या म्हणते, "आन् आमी तुळशीला पानी घालून त्याला लंकेशी धरायचो."

धरायचो हा शब्द तिनं उगाच वापरलेला नाही. सिलोन लावणं वेगळं, धरणं वेगळं. काटा केसभर इकडेतिकडे झाला की आवाज निसटे. मध्येच कुठलीशी अरबी, मध्येच नुसती शिट्टी. आवाज जवळ यायचा, मग हळूहळू लांब जायचा, सरताज गाण्याच्या ऐन मुखड्याला बुडायचा आणि अंतऱ्याला वर यायचा. आजा म्हणे, याला भी खाडीसारखी भरती-ओहोटी हाय. आत्याचं बोट त्या बटणावर असे, आणि सगळं घर त्या बोटाकडे बघत असे. दाराच्या आतल्या फळीवर ती खडूनं गाण्यांचे क्रमांक लिहून ठेवायची, मागच्या बुधवारी कुठलं कितव्या पायरीवर, या बुधवारी कितव्या. आजी शनिवारी दार पुसायची. त्यावरून मायलेकींचं जे भांडण व्हायचं त्याला मात्र केसकरांना जबाबदार धरता येणार नाही.

तिनं एक कार्डही टाकलं होतं. पत्ता मुंबईचा होता हे लिहिताना तिच्या लक्षात आलं नाही. तिच्या लेखी पत्र लंकेलाच जाणार होतं. पहिल्या कार्यक्रमालाच नऊ हजार पत्रं आली आणि पुढे आठवड्याला साठ-पासष्ट हजारांपर्यंत गेली, असं सयानीच सांगत. त्या ढिगात बाळकुमचं कार्ड कुणाला दिसणार? पण ती अजून म्हणते, वाचलं असेल, बॅटरी संपलेली त्या बुधवारी वाचलं असेल.

आजाचं काय? आजा तत्त्वानं केसकरांच्या बाजूचा. सिनेमाची गाणी त्याला वांड वाटायची. बुधवारी आठ वाजता तो ओटीच्या टोकाला, सेटकडे पाठ करून, फाटलेलं जाळं विणायला घ्यायचा. आत्याचं निरीक्षण असं की जाळं किती का फाटलेलं असेना, ते बरोबर नऊ वाजता विणून व्हायचं.

त्या काळी एक किस्सा फिरायचा. कुणी म्हणे पाहणी केली, कुणाच्या घरी कुठलं स्टेशन लागतं. दहांतले नऊ सेट सिलोनवर निघाले. दहावा बिघडलेला होता.

पण आमच्या घरात हा किस्सा पुरता खरा नाही, कारण शुक्रवार होता. १ एप्रिल १९५५, रामनवमी, शुक्रवार. पुण्याच्या आकाशवाणी केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, दर आठवड्याला एक नवं गीत, सारी मिळून छप्पन. पुणे केंद्रच मुळात दीडेक वर्षाचं पोर, १९५३ च्या गांधीजयंतीला सुरू झालेलं. बाळकुमला ते दिवसा पुटपुटल्यासारखं लागे. तरी आजा त्यासाठी पाळी बदलून घ्यायचा. आजी सेटवर जास्वंदीचं फूल ठेवायची आणि त्या दिवशी तुळशीला दोन तांबे जास्त घालायची, एक देवाचा, एक रामाच्या आवाजाचा. वर्षभर हे चाललं. आजा तेव्हा जे म्हणाला ते घरात म्हणीसारखं झालं: "रामायन पुन्याशी येतं, गानी लंकेशी."

केसकरांनी गाणी घालवली म्हणून 'गीतरामायण' झालं, असं मी म्हणणार नाही. ते माडगूळकर-फडक्यांचं. पण एवढं मात्र मला वाटतं, की सिनेमाची गाणी गेल्यावर केंद्रांवर जी मोकळी जागा झाली तिच्यात मराठी रेडिओनं नुसता राग भरला नाही. भावगीत, नभोनाट्य, लोकसंगीत, कामगार सभा, पुढे 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भाऊजी आणि मीना वहिनी, हे सगळं त्या जागेत उगवलं आणि तगलं. लोकसंगीतात एकदा लग्नाचे धवळे लागले. आजी स्वतः धवलारीण, शेकडो लग्नं तिनं लावलेली. तिनं पदराला हात पुसत पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "जल्ली, किती घाई करते. हलद लागाच्या आधीच नवरी सासरी धाडली." रेडिओवाल्यांना दिलेल्या वेळात लग्न उरकावं लागतं हे तिला कोण सांगणार.

सरकारला उशिरा का होईना कळलं की ऐकणारा हातचा गेला. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली. कल्पना पंडित नरेंद्र शर्मांची, पहिलं गीतही त्यांचंच, चाल अनिल विश्वासांची, आवाज मन्ना डेंचा. केसकर तेव्हाही मंत्रीच होते. त्यांच्याच खात्याच्या रेडिओवर ती गाणी परत आली. आमच्या घरी या बातमीचा काही उत्सव झाला नाही. आत्याचं लग्न होऊन ती डोंबिवलीला गेली होती आणि तिच्या सासरी सिलोन निषिद्ध होतं. विविध भारती मात्र चालायची, कारण ती आपल्या सरकारची. गाणी तीच, अमुक घाटातून आली तर सोवळी आणि तमुक घाटातून आली तर ओवळी! सासूबाई स्वयंपाकघरात ताल धरायच्या हे तिनं स्वतः पाहिलं.

पुढचं भरभर सांगतो, कारण घरोघरी ते सारखंच घडलं. वीज आली, ट्रान्झिस्टर आला, ठाण्यातच मर्फीचा कारखाना असल्यानं प्रत्येक आळीत रेडिओतलं कळणारा एकतरी पोरगा निघाला. १९६७ च्या नोव्हेंबरात मुंबई-पुणे-नागपूरला विविध भारतीवर जाहिराती आल्या. ज्या पेस्टच्या कार्यक्रमासाठी आत्यानं लंका धरली होती, तसल्याच जाहिराती घरबसल्या ऐकू यायला लागल्या. अखेर १९८९ मध्ये गीतमालाच विविध भारतीवर आली. तोवर अर्थची तार तुळशीखाली गंजून मातीत मिसळली होती.

आता बाबांची गोष्ट. बाबा आत्याचे धाकटे भाऊ, बुधवारी तिच्या बोटाकडे बघत बसणाऱ्यांतले. निवृत्तीनंतर त्यांना एफएमचं वेड लागलं. एका खासगी स्टेशनवर रात्री उशिरा जुनी गाणी लागायची, मध्ये फारसं न बोलता. बाबा उशाशी सेट घेऊन ऐकायचे. एका सोमवारी त्याच आकड्यावर भलताच धडधडाट सुरू झाला. मंगळवारीही तेच. बुधवारी बाबांनी सेट पिशवीत घातला आणि कापूरबावडीच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं मागचं झाकण उघडलं, बंद केलं, काटा पुढेमागे फिरवला आणि पिशवी परत दिली. "काका, सेट ठणठणीत आहे. स्टेशनचा नूर बदललाय." पैसेही घेतले नाहीत. बाबांना पैसे दिले असते तर बरं वाटलं असतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दुरुस्त होण्यासारखं काहीच नव्हतं.

मी त्यांना आधीच गाणी भरलेला 'कारवां' सेट आणून दिला. पाच हजार गाणी, बटण दाबा की रफी, बटण दाबा की लता. आत गीतमालाही आहे, सयानींच्याच आवाजात. बाबांनी आठवडाभर ऐकला आणि कपाटावर ठेवला. म्हणाले, "छान आहे रे. पण यात कुणी लावत नाही." मला आधी कळलं नाही. त्यांना गाणी हवीच होती, पण आणखी कुणाला तरी ती या क्षणी लावावीशी वाटली, हे हवं होतं. आणि तीच गाणी त्याच वेळी दिव्याला, कळव्याला कुणीतरी, डोंबिवलीला आत्या ऐकत असेल, हेही. मग १०२.८ वर विविध भारती सापडली. मोबाइलमध्ये एफएम लागायला इअरफोन खोचावे लागतात, त्यांची वायरच एरियलचं काम करते. जुन्या घराच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत, अकराव्या मजल्याच्या गॅलरीत, बाबा एक हात वर करून ती वायर ताणत उभे राहायचे. खाडीकडच्या कोपऱ्यात चांगलं लागतं, असा त्यांचा शोध होता. पुढचा मोबाइल घेतला तर त्यात एफएमच नव्हतं.

२० फेब्रुवारी २०२४ ला अमीन सयानी गेले. मी आत्याला फोन केला. तिला आधीच कळलं होतं, नातवानं दाखवलं होतं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग विचारलं,

"वार कनचा हाय रं आज?"

"मंगळवार."

"मंगलवार," ती म्हणाली. "एक दिस थांबाचा ना."