स्तनतपासणी, हाताने : मुंबईचा अभ्यास
मॅमोग्राफीशिवाय (स्तनाच्या एक्स-रेशिवाय) स्तनाच्या कर्करोगाची गाठ वेळेत सापडते का, हे पाहण्यासाठी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये सुरू केलेला अभ्यास. यात ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचे दोन गट होते. एका गटात प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी स्तन आणि काख बोटांनी चाचपत.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष सरळसोट नाही. तपासलेल्या गटात आजार लवकरच्या अवस्थेत सापडला. पन्नाशीपुढे या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले, त्याआधीच्या वयात मात्र फरक दिसला नाही. एकूण घट १५ टक्के, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर ती टिकली नाही. तरीही मॅमोग्राफीचे यंत्र न पोहोचणाऱ्या गावांसाठी ही पद्धत मोलाचीच म्हणावी लागेल.

वाढते वय, आई-बहिणीचा आजार आणि बीआरसीए जनुकांतील दोष यांनी स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पण बहुतेक रुग्णांच्या घरात हा आजार आधी कुणालाच नसतो. गाठ सहसा दुखत नाही, म्हणूनच ती अंगावर काढली जाते. निदान सुईने तुकडा काढून होते. गाठ लहान असल्यास बहुधा स्तन राखून शस्त्रक्रिया आणि नंतर रेडिएशन. केमोथेरपी, टॅमॉक्सिफेनसारखी गोळी की ट्रास्टुझुमॅबचे इंजेक्शन, हे गाठीच्या चाचण्यांवरून ठरते.